बारदाना वजा

तिसरीच्या पोरांना वजन शिकवायचं होतं आणि शाळेत वजनंच नव्हती. पेटीत एक तराजू होता, पण त्याला पारडं एकच. दुसऱ्यात कोणे एके काळी कुणीतरी चुना कालवला, तेव्हापासून ते बेपत्ता होतं. मी मुख्याध्यापक गुरुजींकडे गेले तर ते म्हणाले, "बाई, पुस्तकात चित्र हाय की तराजूचं. ते दाखवा अन् पुढं चला." गुरुजी माणूस भला, फक्त कुठलीही वस्तू चित्रात असली की त्यांना पुरेशी वाटायची. मी नुकतीच डी.एड. होऊन आमच्याच गावच्या शाळेत तात्पुरती लागले होते. अंगात उत्साह मावत नव्हता आणि राग कायम नाकावर. मी वर्गाला विचारलं, एक किलो बाजरी जड की एक किलो कापूस? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बाजरी!" मी पुन्हा विचारलं, पोरं पुन्हा जास्त जोरात "बाजरी!" म्हणाली. चित्र दाखवून हे सुटणार नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

तोड काढली आबांनी. माझे वडील मापाडी होते. केदारखेड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि दिवाळीनंतर भुसाराचा व्यापारी गावात काटा लावायचा तो शाळेला लागूनच्या मोकळ्या जागेत. पोतं फळीवर चढवायचं, वरच्या दांडीवरचा गट्टू सरकवत न्यायचा, दांडी तरंगली की आकडा सांगायचा, हे आबांचं काम. पोती मोजताना ते एक म्हणत नसत, "लाभ" म्हणत. लाभ, दोन, तीन असा त्यांचा लांब सूर वर्गात ऐकू यायचा आणि पाढे म्हणणारी पोरं मध्येच त्या सुरात घसरायची. पोत्याचं वजन झालं की आबा रिकाम्या गोणपाटाचं वजन त्यातून कापायचे. त्याला बारदाना वजा करणं म्हणतात. शेतकरी आणि व्यापारी दोघंही आबांचा शब्द मानायचे, कारण बारदान्यात त्यांनी कधी कुणाला फसवलं नाही. मी घरी शाळेचं रडगाणं गायले, ते त्यांनी ऐकून ठेवलं. दोन-तीन दिवसांनी नदीतले गुळगुळीत गोटे घेऊन आले. खऱ्या वजनांशी ताडून, कुठं जास्त झालं तर कानशीनं घासून त्यांनी ते बराबर केले होते. किलो, अर्धा, पाव, शंभर, पन्नास. वर गेरूनं आकडे घातले होते. डब्यांची दोन झाकणं टांगून दुसरा तराजूही त्यांनीच बांधला. मग काय, पोरांनी शाळेतली एक वस्तू सोडली नाही. खडू, दप्तर, चपला, गुरुजींची छत्री, सगळं जोखून झालं. दोन्ही पारडी समोरासमोर आली की पोरं टाळ्या पिटायची. आजही कुठं इलेक्ट्रॉनिक काट्यावर लाल आकडे पटकन उमटताना दिसले की मला वाटतं, यात टाळी वाजवायला जागाच उरली नाही.

शाळेत असा आनंद होता आणि घरी आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. वहिनीला आठव्या महिन्यातच मुलगा झाला होता, घरीच. दादा घनसावंगीकडे ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर होता, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा. आतल्या खोलीत बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी, आणि त्या धुरात वहिनी त्या एवढ्याशा जिवाला छातीशी धरून बसलेली असायची. आई तिच्यासाठी बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी करायची, अळिवाची खीर करायची, लसणाची फोडणी दिलेलं कढण करायची. सगळं घर त्या वासानं भरलेलं असायचं. वहिनी मुकाट्यानं खायची आणि दूध मात्र पुरेसं यायचं नाही. आलं तर बाळाला ओढायचं बळ नसायचं. दोन घोट घेतले की ते दमून झोपायचं. मग आई शेळीच्या दुधात कापसाची वात भिजवून त्याच्या ओठांत पिळायची. त्याचं रडणं इतकं बारीक होतं की चुलीवर काही रटरटत असलं तर ऐकू यायचं नाही. आई मध्येच भांडं खाली उतरवायची आणि कान द्यायची. आम्ही सगळेच हातातलं काम थांबवून कान द्यायचो. आवाज आला की कामाला लागायचो.

वहिनीचं हे दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. मुलगी झाली होती. तिथं तिला काट्यात घातलं, आकडा लिहून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. आईच्या मनात त्या दोन गोष्टींची कायमची गाठ बसली. या खेपेला दिवस राहिले तसा तिनं पिंपळगावच्या रेणुकाईला नवस बोलला, की लेकरू वर्षाचं होऊ दे, तुझ्या दारात त्याची गुळानं तुळा करीन. आणि स्वतःच्या मनानं पुढची अट घातली, की देवीच्या पारड्यात बसायच्या आधी त्यानं दुसऱ्या कोणत्या पारड्यात बसायचं नाही. आमच्याकडे तसंही वाढत्या लेकराला जोखत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. आईनं ती साधी रीत घेतली आणि तिची पोलादी कडी करून दाराला लावली.

नर्सबाई आल्या तेव्हा झोळीचा काटा बरोबर घेऊनच आल्या होत्या. आईनं त्यांना बसायला पाट दिला, चहा दिला, वर पोह्याची बशी दिली आणि बाळाला हात लावू दिला नाही. काटा पिशवीतच राहिला. नर्सबाई चिडल्या नाहीत. त्यांना अशी घरं पुष्कळ ठाऊक असणार. दारापर्यंत मी सोडायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही शाळेत शिकवता ना? मग तुम्हाला सांगते. असलं लहान बाळ डोळ्याला रोज सारखंच दिसतं. वाढतंय का उतरतंय हे वजनावरच कळतं. आठवड्यानं वाढलं तर राहू द्या घरी. उतरलं तर एक दिवस थांबू नका, सरळ जालन्याला मोठ्या दवाखान्यात न्या." मी आत आले आणि आईला तेच सांगितलं. आई म्हणाली, "तिला काय जातंय सांगायला? तिनं काय बाळातीण गमावली, का लेकरू गमावलं?"

सव्वा महिना होईपर्यंत बाळाला घराबाहेर काढायचं नव्हतं. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. शाळेत पोरांना म्हणायचे, हातात धरून अंदाज सांगा, मग जोखा. आणि घरी येऊन बाळाला हातात घेऊन तेच करायचे. आज कालच्यापेक्षा जड वाटतंय का? कधी वाटायचं हो, आणि मी खुशीत दोन भाकरी जास्त खायचे. कधी वाटायचं नाही, आणि मी ताट तसंच सरकवायचे. पोरांना मीच शिकवलं होतं की हात खोटं बोलतो. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत असायची. एकदा तिनं विचारलं, "वन्सं, हलकं लागतंय का वं?" मी म्हटलं, "न्हाई वहिनी, बराबर हाय."

सव्वा महिना झाला त्या दिवशी बाळाला उन्हात नेते असं सांगून मी निघाले, ती थेट आबांच्या काट्यावर. दुपारची वेळ होती, गाडीवान झाडाखाली जेवत होते. बाळाच्या अंगाभोवती जुन्या धोतराचा फडका तेवढा होता. मी बाळासकट फळीवर उभी राहिले.

आबा म्हणाले, "हे काय करून राह्यली? तुझ्या मायला कळलं तर?"

"लेकराचं न्हाई करायचं, आबा. माझं वजन करा."

त्यांनी झाडाखालच्या गाडीवानांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तुला जोखतो. कडेवर काय हाय, ते मला बिलकुल दिसत न्हाई." आणि मान वळवून त्यांनी गट्टू सरकवला. मग मी बाळाला बाजरीच्या पोत्यावर निजवलं आणि एकटी उभी राहिले. दोन आकड्यांतला फरक निघाला दोन किलो तीनशे. बाळाचं पाऊल आबांच्या अंगठ्याएवढं होतं. ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पुन्हा ये. जल्दी जा आता घरी, वारं लागंल."

त्या आठवड्यात बारसं झालं. वहिनीच्या माहेरचे बाळंतविडा घेऊन आले होते. मखमलीची अस्तर लावलेली कुंची, टोपडं, झबलं, चांदीचे वाळे, चांदीच्या घुंगरांचा करगोटा. आईनं ते सगळं लगेच बाळाला घातलं आणि निक्षून सांगितलं, की मामाकडचं लेणं सव्वा महिन्यानं अंगावर चढलं की महिनाभर उतरवायचं नाही, ते राखण करतं. थंडीही पडली होती, त्यामुळे कुंचीला कुणी नको म्हणालं नाही. आठवड्यानं मी पुन्हा फळीवर उभी राहिले, वाळे-करगोटा-कुंचीसकट बाळाला घेऊन. फरक निघाला दोन किलो पाचशे. आबांनी गट्टू मागं नेऊन पुन्हा आणला, पुन्हा तोच आकडा. ते नुसते हसले. मी धावत घरी गेले आणि आईला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं आई चिडेल. पण आकडा ऐकल्यावर तिचा चेहराच पालटला. "लेकीला जोखल्यानं काय व्हतंय? लेकरू थोडंच काट्यावर ठिवलं!" असं म्हणून तिनं देवीची परस्पर समजूत घातली आणि गल्लीत गूळ वाटला. त्या रात्री वहिनी बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपली.

पुढचे तीन-चार दिवस आमच्या घरात सण होता. बाळ जास्त झोपायला लागलं होतं, रडत नव्हतं. आई म्हणायची, पोट भरतंय आता. आम्ही कान द्यायचं सोडून दिलं होतं. ते दिवस कुणी मला परत दिले असते तर मी त्या बदल्यात काय वाट्टेल ते दिलं असतं.

शाळेत आमची गाडी बारदान्यावर आली होती. डब्यात तेल असलं तर नुसत्या तेलाचं वजन कसं काढायचं? मी पोरांना म्हटलं, घरून भांड्यात किंवा फडक्यात काहीतरी आणा. एका मुलीनं गूळ आणला होता, जाड गोणपाटाच्या तुकड्यात बांधलेला. तिनं ते गाठोडं पारड्यात ठेवलं, दगड घातले आणि मोठ्यानं सांगितलं, अर्धा किलो गूळ. तशी सगळी पोरं बाकं नसलेल्या त्या वर्गात उभी राहून ओरडायला लागली, "बारदाना, बारदाना! बाई, तिनं बारदाना कापला न्हाई!" तिला एवढा हुरूप आला होता, आणि आता तिचं तोंड उतरलं. मी तिची समजूत घालायला पुढं झाले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवल्याठेवल्याच मला ते कळलं. पहिल्या वेळी फडका. दुसऱ्या वेळी मखमल, अस्तर, चांदी.

पोरांना तिथंच बसवून मी घरी पळाले. बाळ निजलं होतं. मी म्हटलं, याचे कपडे काढा, मला जोखायचेत. आई दारात आडवी आली. "अंगावरचं उतरवायचं न्हाई. सांगितलंय ना तुला?" मी म्हटलं, "आई, लेकराला न्हाई, नुसत्या कुंचीला काटा लावायचाय. कुंचीचा काय नवस हाय का?" मी ओरडून बोलत होते. आईही ओरडत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती हट्टानं नाही, भीतीनं उभी होती. म्हणाली, "वाढलंय म्हणलीस ना? वाढलंय तर मंग आता कशाला? कशाला पुन्हा ते काढती?" तिलाही कळलं असावं, आणि ते तिला ऐकायचं नव्हतं.

वहिनी बाजेवर उठून बसली. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, करगोटा सोडला, वाळे काढले, कुंचीच्या नाड्या सोडल्या. "आत्याबाई, लेकरू माझं हाय," एवढंच ती आईला म्हणाली. त्याच्या पायांवर वाळ्यांचा वळसुद्धा उमटला नव्हता, इतके ते सैल झाले होते. तिनं सगळं गोळा करून माझ्या ओच्यात टाकलं आणि त्याला आपल्या पदरात गुंडाळलं.

वर्गात मी ते पारड्यात ठेवलं. पोरांना वाटलं बाईंनी नवीन खेळ आणला. चांदी बघून ती हरखली. कोण म्हणे पाव किलो होईल, कोण म्हणे त्याहून जास्त. पावाचा गोटा घातला, पारडं हललं नाही. शंभराचा घातला, थोडं उचललं. पन्नासाचा पोरांनी आणखी एक आबांकडून मागून घेतला होता, पण एकच पुरला. दोन्ही पारडी समोरासमोर येऊन थांबली आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. चारशे ग्रॅम. वाढ दोनशे दिसली होती, त्यातून चारशे वजा. बाळ दोनशेनं उतरलं होतं. एवढी वजाबाकी तिसरीतल्या कुणीही केली असती. मी पारडी तशीच सोडली आणि काट्याकडे धावले.

आबांपुढे गाड्यांची रांग होती. मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांच्या हातातला गट्टू दांडीवर तसाच राहिला. जन्मभर पोत्यापोत्यामागं बारदाना कापलेला माणूस तो. ते एवढंच म्हणाले, "मला दिसलं न्हाई गं. नातू दिसला, मला बारदाना दिसलाच न्हाई." फळीवर अर्धं जोखलेलं पोतं टाकून आबा चालायला लागले. गाडीवान मागून हाका मारत होते. काट्यावरून मध्येच उठलेले आबा गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

जालन्याला जाणारी जीप मिळायला दुपार टळली. जीपमध्ये माणसं खच्चून भरलेली, आणि तरी बाळ आहे म्हटल्यावर सगळ्यांनी अंग चोरून जागा केली. आई बरोबर येईल असं मला वाटलं नव्हतं, पण ती आधीच येऊन बसली होती. वहिनी मध्ये मध्ये बाळाच्या नाकाशी बोट धरायची. आई प्रत्येक देवळापुढं हात जोडायची, मशिदीपुढंही जोडायची.

दवाखान्यात सिस्टरनं पहिलं काम केलं ते बाळाला उघडं करून पांढऱ्या पारड्यात ठेवायचं. वहिनीनं ठेवलं. सिस्टर काटा बघायला वाकली आणि म्हणाली, "हात काढा, आजी." तेव्हा आमच्या लक्षात आलं. आईनं आपला तळवा पारड्याखाली धरला होता. बाळ तिला तिच्या हातावर हवं होतं, काट्यावर नाही. सिस्टर पुन्हा म्हणाली, "हात काढा, वजन चुकतंय." आईनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आबांकडे, वहिनीकडे, माझ्याकडे. कुणी तरी नको म्हणेल, याची ती वाट बघत होती. मग तिनं हात काढला.

चार दिवस आम्ही त्या वऱ्हांड्यात बसून होतो. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. ते रागावून नाही म्हणाले, त्यामुळे ते जास्त लागलं. दादा घनसावंगीहून आला तो शेवटच्या दिवशी. त्यानं आपल्या मुलाला जिवंत पाहिलं, एवढंच त्यातल्या त्यात. पाचव्या दिवशी पहाटे बाळ गेलं. आईनं त्यानंतर मला कधी दोष दिला नाही, आबांना दिला नाही, काट्यालासुद्धा दिला नाही. तिनं आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्याशी भांडले असते आणि दोघी मोकळ्या झालो असतो. आई गेली त्यालाही आता किती वर्षं झाली, ते भांडण राहूनच गेलं.

सुतक फिटल्यावर मी शाळेत गेले. मला नोकरी सोडायची होती, गुरुजींना तेच सांगायचं होतं. गुरुजी ओसरीवरच भेटले. माझी वर्गखोली कुलूपबंद होती आणि पोरं बाहेर लिंबाखाली बसली होती. गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "बाई, चांदी व्हती, म्हणून कुलूप लावलं. काढून ठेवणार व्हतो, पण ही पोरं हात लावू देईनात. म्हणाली, बाईंनी जोखायला ठिवलंय, बाईच काढतील." त्यांनी कुलूप काढलं. पोरं माझ्या आधी आत घुसली आणि तराजूभोवती उभी राहिली. एका पारड्यात कुंची, टोपडं, झबलं, वाळे, करगोटा. दुसऱ्यात आबांचे तीन गोटे. इतक्या दिवसांत कुणी दाराचा वारासुद्धा लागू दिला नव्हता. "बघा बाई, आमी हात लावला न्हाई. आजून बराबर हाय!"

मी वाकून कुंची उचलली. गोट्यांचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं. दवाखान्यात मी रडले नव्हते, घरी कुणीतरी उभं राहायला हवं म्हणून रडले नव्हते. तिथं, तिसरीच्या वर्गापुढं, ती कुंची तोंडाला लावून मी हमसून हमसून रडायला लागले. पोरं घाबरली. मला वाटतं त्यांना बाळाचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, जोखण्यात काहीतरी चुकलं म्हणून बाई रडतायत. ती माझ्या साडीला धरून, एकमेकांच्या वर आवाज काढून मला समजावत राहिली, "न्हाई बाई, चुकलं न्हाई. आमी बराबर जोखलं व्हतं. तुमची शप्पत बाई, बराबरच व्हतं."